बीजींच्या वडिलांची सही

ऑक्टोबर अर्धा सरला की ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये सकाळी आठपासून पानं उडवणारी यंत्रं सुरू होतात. कॉफी घेऊन खिडकीशी उभं राहावं, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना मेपलच्या पानांचे लांबच लांब ढीग. शहराची गाडी येते, जाड पाइपानं ते ढीग ओढून घेते आणि पुढे जाते. मागे रस्ता ओला, काळा आणि रिकामा राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच पानं. बावीस वर्षं हे बघते आहे. पूर्वी मला या ऋतूचं फार कौतुक होतं. भारतातून कुणी येणार असलं की मी त्यांना मुद्दाम ऑक्टोबरात बोलवायची आणि गाडीतून हिंडवून ओहायोचे रंग दाखवायची. चार वर्षांपूर्वीच्या फॉलनंतर, त्या पानगळीनंतर, ते कौतुक उरलं नाही. आता पहिलं झाड पिवळं पडलं की माझ्या कानात एक म्हातारा आवाज सुरू होतो. तो आवाज एका सरदारणीचा आहे आणि तो मराठीत बोलतो, तेही सातारच्या खेड्यातल्या मराठीत.

त्या वर्षी मी नुकतीच रिटायर झाले होते. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काचपट्ट्या बघितल्या, रिपोर्ट लिहिले. दिवस एकदम मोकळे झाले आणि मला ते झेपेना. अशात एका दुपारी फोन आला. आवाज साठीच्या पुरुषाचा, अदबशीर. नाव हरमीत. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारे. मराठी मंडळाच्या कुणीतरी माझा नंबर दिला होता.

“दीदी, आप पुरानी मराठी पढ़ लेती हैं? हाथ की लिखी हुई?”

मी म्हटलं, माझे वडील शाळामास्तर होते, त्यांचं अक्षर जिला वाचता येतं तिला कुणाचंही येतं. ते हसले नाहीत. म्हणाले, माझ्या आईकडे एक वही आहे. ऐंशीहून जास्त वर्षं ती कुणी वाचलेली नाही. आई आता एकोणनव्वदची आहे, तिला ती ऐकायची आहे.

त्यांच्या दिवाणखान्यात शिरल्याशिरल्या समोर एक मोठा फोटो होता. दाढीचे, सरळ नाकाचे एक तरणे सरदार, गळ्यात मोत्यांचे सर, फेट्यावर तुरा, हातात तलवार. हरमीत म्हणाले, “मेरे नानाजी.” पंजाबातल्या एका लहानशा संस्थानाचे ते महाराज. इंग्रज सरकारला नको असलेल्या काही माणसांना त्यांनी आपल्या हद्दीत आसरा दिला आणि मागूनही ती माणसं हवाली केली नाहीत. सरकारनं त्यांना गादीवरून काढलं. कागदोपत्री कारण ‘प्रकृतीस्वास्थ्य’ दिलं, गादीवर एक अल्पवयीन पुतण्या बसवला, त्याच्या डोक्यावर गोरा कारभारी. आणि महाराजांना पंजाबपासून शक्य तितकं लांब, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका थंड हवेच्या गावी एका बंगल्यात ठेवलं. फाटकावर पहारा. डोंगर उतरायचा तर परवानगी. हरमीतची आई, बीजी, तिथेच जन्मल्या. महाराज तिथेच गेले, तेव्हा बीजी सात वर्षांच्या होत्या.

“त्यांना परत गादी मिळत होती,” हरमीत म्हणाले. “फक्त एका कागदावर सही करायची होती, की माझं चुकलं. नानाजींनी केली नाही. मरेपर्यंत केली नाही.”

हे वाक्य त्या घरात फार वेळा बोललं गेलं असणार. ते गुळगुळीत झालं होतं.

बीजींची खोली मागच्या बाजूला होती. मोठी खिडकी, पलीकडे तळं, तळ्यावर कॅनडा गीझचा, रानहंसांचा गोंगाट. खुर्चीत एक अगदी लहानशी बाई, पांढरी ओढणी, डोळ्यांपुढे जवळजवळ अंधार. दृष्टीचा मधला भाग गेलेला, कडेकडेचं तेवढं दिसायचं, म्हणून त्या माणसाशी बोलताना मान वळवून बघायच्या. मी मराठी आहे असं हरमीतनं सांगितलं. त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या,

“ये बाय. बस हितं. भूक लागली व्हय?”

ही सांभाळणाऱ्या बाईची मराठी होती. त्या बंगल्यात ठकू नावाची एक आया होती, जवळच्या खेड्यातली. बीजी तिच्या कडेवर वाढल्या. सातव्या वर्षी ते गाव सुटलं, मग देहरादून, दिल्ली, लग्न, मुलं, शेवटी मुलाबरोबर ओहायो. ठकूची मराठी तेवढी तिथल्या तिथे थांबून राहिली होती. राजाची मुलगी मराठी बोलायची ती ठकूसारखी, आणि तेही सात वर्षांच्या मुलीला लागतील एवढेच शब्द. भूक, झोप, पाऊस, इंचू, ताप, बा. त्यापुढचं काही बोलायचं झालं की त्या हिंदीवर यायच्या.

वही कापडी बांधणीची होती. लिहिणाऱ्याचं नाव विष्णुपंत. बंगल्यावर सरकारनं नेमलेला कारकून. महाराजांना भेटायला कोण आलं, कुठून पत्र आलं, महाराज काय बोलले, याची रोजची नोंद करून पहाऱ्यावरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला देणं हे त्याचं काम. ती नोंद इंग्रजीत. ही वही मात्र त्यानं स्वतःसाठी मराठीत लिहिली होती. महाराज गेल्यावर बंगला सोडायच्या दिवशी त्यानं ती राणीसाहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, हे माझ्याकडे ठेवायचा मला अधिकार नाही. राणीसाहेबांना मराठी येत नव्हती. कुणाकडून वाचून घेण्याची त्यांना भीती वाटली असावी. वही ट्रंकेत राहिली.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता मी जायची. हरमीत ऑफिसात, सून तिच्या क्लिनिकमध्ये. घरात आम्ही दोघीच. मी एक नोंद वाचायची, मग ती हिंदीत सांगायची. विष्णुपंतांचं अक्षर बारीक, शाई तपकिरी पडलेली. बऱ्याच दिवसांच्या नोंदी एका ओळीच्या होत्या. ‘पाऊस. महाराज दिवसभर व्हरांड्यात. पत्र नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘धुके. पत्र नाही.’ सलग सतरा दिवस ‘पत्र नाही’ वाचलं तेव्हा मी थांबून विचारलं, हे सगळं वाचू का? बीजी म्हणाल्या, “वाच. त्यांनी ते दिवस काढले, आपण नुसते ऐकायचे आहेत.”

मला राजे ठाऊक होते ते शाळेच्या पुस्तकातले, घोड्यावरचे. या वहीतला राजा रोज सकाळी दोन तास आरशापुढे बसून फेटा बांधायचा. मलमलीचं लांबलचक कापड, एक टोक ठकूनं धरायचं. भेटायला कुणी येणार नसायचं. तरी चुणी वाकडी बसली तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. एकदा विष्णुपंतांनी धीर करून विचारलं, महाराज, आज तर कोणीच येणार नाही. महाराज म्हणाले, “ज्या दिवशी मी बांधणार नाही, त्या दिवशी तुम्हाला तुमच्या साहेबांना लिहायला काहीतरी मिळेल.” म्हणजे विष्णुपंत काय लिहितात ते त्यांना ठाऊक होतं. दोघेही ते जाणून एकमेकांसमोर रोज बसत होते.

पंजाबात महाराजांची आई वारली त्याची नोंद सप्टेंबरातली आहे. तार आली. महाराजांनी अंत्यसंस्काराला जाण्याची परवानगी मागितली. ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. मग ‘विचाराधीन’ हाच शब्द आठ दिवस. परवानगी नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा तिकडे सगळे विधी उरकले होते. त्या दिवशी विष्णुपंत लिहितात, ‘महाराज बागेत गेले. माळ्याच्या हातातून खुरपे घेतले व दोन प्रहरपर्यंत तण काढीत बसले. माळी उभा राहून रडत होता. मी आत गेलो.’

हे वाचून झालं आणि मी वही मिटली. बाहेर यंत्राचा आवाज थांबला होता. साडेसहालाच अंधारून यायला लागलं होतं. मी निघताना बीजी म्हणाल्या, “बा कधी रडला न्हाई. आन् सही बी केली न्हाई.” त्या हे प्रत्येक भेटीच्या शेवटी म्हणायच्या, देवापुढे दोन शब्द म्हणावेत तशा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुढच्या पानांचे फोटो काढून घरी आणले. काही ओळी लागत नव्हत्या, स्क्रीनवर मोठ्या करून बघायच्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होते. नोंद पावसाळ्यातली, महाराज गेले त्याच्या आदल्या वर्षीची. आणि तिथे ती सही होती.

मी ते पान तीन वेळा वाचलं. मग अविनाशला, माझ्या नवऱ्याला, वाचून दाखवलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “सांगणार आहेस त्यांना?”

“एकोणनव्वद वर्षांच्या बाईला काय सांगू? आयुष्यभर त्या एका वाक्यावर जगल्यात त्या.”

“तू तीस वर्षं रिपोर्ट दिलेस. कधी बदललास?”

“नाही.”

“मग?”

“तेव्हा पेशंट समोर नसायचा रे,” मी म्हटलं. “खाली एका खोलीत बसून लिहायचे. सांगायचं काम वरच्या डॉक्टरचं.”

त्या गुरुवारी मी ती पानं सोडली. जून संपवला आणि सरळ ऑगस्टवर आले. आवाज नेहमीसारखा ठेवला. बीजी बराच वेळ ऐकत होत्या. मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मला ताप आलता त्या पावसात. लई ताप. ते न्हाई लिव्हलं त्यानं?”

मी म्हटलं, असेल पुढे कुठेतरी.

त्या हिंदीत म्हणाल्या, “बेटी, विष्णुपंतांनी माळ्याला विंचू चावला ते लिहिलं. आमच्या कुत्रीला पिल्लं झाली ते लिहिलं. मी मरता मरता वाचले ते लिहिलं नाही?”

मला खोटं नीट बोलता येत नाही. मी पानं मागे उलटली. म्हटलं, लिहिलंय. पण त्यात आणखीही काही आहे. ते तुम्हाला आवडणार नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, “वाच.”

मी वाचलं. लहान मुलीला ताप आणि धाप. तिसऱ्या दिवशी गावातले डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं धरली आहेत, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यावं, इथे माझ्या हातात काही नाही. महाराजांनी डोंगर उतरण्याची परवानगी मागितली. अधिकारी म्हणाला, मुलीला आयेबरोबर पाठवा. राणीसाहेब त्या वेळी दुखणाईत होत्या. महाराज म्हणाले, माझी मुलगी मरायची असेल तर माझ्या मांडीवर मरेल. अधिकाऱ्यानं सांगितलं, मग वर विचारावं लागेल, आणि वरचे लोक बदल्यात काय मागतील तेही सांगितलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी महाराजांनी विष्णुपंतांना बोलावलं आणि इंग्रजीत अर्ज लिहायला लावला.

त्या अर्जात तीन गोष्टी होत्या. गादीवरचा माझा आणि माझ्या मुलाबाळांचा हक्क मी कायमचा सोडतो. आजवर केलेले सगळे अर्ज मागे घेतो. आणि मला दूर करण्यात आलं ते योग्यच होतं हे मान्य करतो. विष्णुपंत लिहितात, ‘तिसरे कलम लिहिताना माझा हात थांबला. महाराज म्हणाले, लिही, त्यांना तेच हवे आहे. मी वाचून दाखवू लागलो. त्यांनी ऐकले नाही. सही केली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर फेटा नव्हता.’

बीजी हलल्या नाहीत. मला तिथेच थांबता आलं असतं. पण अर्धा रिपोर्ट मी कधी दिला नव्हता. पुढचं वाचलं.

आठव्या दिवशी पहाटे मुलीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. अँटिबायोटिक्सच्या आधीच्या काळात न्यूमोनियाचं असंच व्हायचं. आठवडाभरानं रोगी एकतर घामानं न्हाऊन उठायचा, नाहीतर जायचा. ती उठली. तिनं भाकरी मागितली. चौदाव्या दिवशी परवानगीचं पत्र आलं. महाराज म्हणाले, आता आलीच आहे तर मुलीला समुद्र तरी दाखवून आणू. अधिकारी बंगल्यावर आला, मुलगी अंगणात खेळत होती. त्यानं वर कळवलं, की मूल बरं झालं आहे. चार दिवसांनी परवानगी रद्द झाली. विष्णुपंतांनी विचारलं, अर्ज परत मागू का? ‘महाराज म्हणाले, तो परत येत नसतो. ताप उतरला, एवढे पुरे.’

तळ्यावरचे गीझ एकाएकी उडाले, ते सगळे एका बाजूला वळले. माझं लक्ष मुद्दाम तिकडे. बीजींकडे बघायचं धैर्य नव्हतं.

“म्हंजे फुकट,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बीजी, फुकट कसं? तुम्ही वाचलात.

“मी आपली आपन वाचले.” मग हिंदीत, अगदी हळू, “मी चार दिवस आधी बरी झाले असते तर त्यांनी सही केली नसती. किंवा चार दिवस आधी मेले असते तर.”

या वाक्याला मी आजवर उत्तर शोधते आहे. त्या दिवशी मी त्यांचा हात धरून बसले. दिवा लावला नाही. गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा त्या घाईनं म्हणाल्या, “हरमीतला बोलू नको.”

आणि हरमीतची स्वतःची बोलायची वेळ तर जवळच आली होती. दहा दिवसांनी रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये त्यांनी एक कार्यक्रम ठेवला होता. आजोबांवर भाषण, जुने फोटो, मग लंगर. चार महिने ते तयारी करत होते. घड्याळं एक तास मागे गेल्यावरचे दिवस, दुपारी चारलाच दिवस मावळतीला लागलेला. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं. रंगीत पगड्या, थोडे अमेरिकन शेजारी, आम्ही चारदोन मराठी. हरमीत फार छान बोलले. शेवटी म्हणाले, “ही साइन्ड नथिंग. त्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलेलं होतं, फक्त नाही म्हणण्याची ताकद उरली होती. ती त्यांनी शेवटपर्यंत विकली नाही.” लोक उभे राहिले. त्यांची कॉलेजातली मुलगी पुढच्या रांगेत डोळे पुसत होती.

मग त्यांनी माईक आईपुढे धरला. बीजी व्हीलचेअरमध्ये होत्या. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देतील. त्यांनी हॉलभर मान फिरवली, कडेच्या नजरेनं कुणालातरी शोधलं. मी चौथ्या रांगेत होते. मला वाटतं, त्यांना मी सापडले. त्या पंजाबीत बोलल्या नाहीत, हिंदीतही नाही.

“माझ्या बानं सही केलीया,” त्या म्हणाल्या. “मी तापली व्हते म्हून केली. आन् ती बी वाया गेली. बाला सोडा आता. त्याला लई दीस उभं केलंया.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. हरमीत गहिवरले होते. माईकवर म्हणाले, ही आईची बालपणाची भाषा आहे, नानाजींच्या कैदेतली भाषा. आणि मला हाक मारली. “सुनीता दीदी, प्लीज. बीजीनं काय सांगितलं?”

मी उभी राहिले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझ्याशेजारचं मराठी जोडपं नागपूरचं होतं, दोघं तिशीतले, त्यांना त्या बोलीतलं आणि त्या थरथरत्या आवाजातलं काही कळलं नसावं, तेही कुतूहलानं बघत होते. बीजी मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली होती. त्यांना जे बोलायचं ते त्या बोलल्या होत्या. लोकांना कळावं की कळू नये, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हटलं, “बीजी म्हणाल्या, माझ्या वडिलांनी माझ्यावर फार माया केली. मी आजारी होते तेव्हा ते माझ्याजवळून हलले नाहीत.”

पुन्हा टाळ्या. मी बसले.

मंगळवारी तीन वाजता गेले तेव्हा बीजी म्हणाल्या, “खोटं बोललीस.”

“खोटं नाही बीजी. अर्धं.”

“अर्धंच,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. सुटका झाल्यासारखंही काही नव्हतं. विटलेल्या माणसाचा आवाज होता. मग त्यांनी मला विचारलं, की विष्णुपंतांनी फेटा नव्हता असं का लिहिलं? मी म्हटलं, ते मलाही कळलं नाही, दोन तास फेटा बांधणारा माणूस. त्या म्हणाल्या, “मला कळलं. माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. पातळ मलमल. बदामी रंगाची. मला त्या पट्ट्या आठवतात, इतकी वर्षं आठवतात. कशाच्या होत्या ते कधी डोक्यात आलं नाही.” एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी पांघरूण घातलं आणि निघाले.

त्यानंतर त्यांनी वही वाचायला लावली नाही. मी जात राहिले. कधी दाल वाटून द्यायची, कधी नुसती बसायची. सगळी पानं उतरून गेली, तळ्यावर काठाकाठानं बर्फ धरलं. ‘बानं सही केली न्हाई’ हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. हरमीतला वाटलं, थंडीनं आई खचली. फेब्रुवारीत त्या झोपेत गेल्या.

या फॉलमध्ये, पहिली पानं पडायला लागली तेव्हा, हरमीतचा फोन आला. त्यांनी आता नोकरी सोडली आहे. म्हणाले, मुलीचं लग्न ठरलंय, तिला तिच्या पणजोबांची वही इंग्रजीत द्यायची आहे, कराल का? मी होकार दिला. महिनाभर रोज सकाळी बसले. ‘पत्र नाही’ सुद्धा एकेक करून लिहिलं. त्या पानाशी आल्यावर दोन दिवस थांबले. बीजींनी मला बोलू नको म्हटलं होतं. पण भरल्या हॉलमध्ये त्या स्वतःच बोलल्या होत्या. अविनाशनं या वेळी काही विचारलं नाही. शेवटी मी ते पान जसं आहे तसं भाषांतरित केलं, कलमांसकट, आणि पाठवून दिलं.

आठ दिवस काही उत्तर नाही. काल दुपारी त्यांचा फोन आला.

“वाचलं, दीदी,” ते म्हणाले. “माझ्या मुलीला तसा ताप आला असता तर मी कागद वाचलाही नसता. सही केली असती.”

मी म्हटलं, “हो. कुणीही केली असती.”

“हे बीजीला सांगायला हवं होतं.”

मी फोन घेऊन खिडकीशी गेले.

“त्या दिवशी हॉलमध्ये ती हेच बोलली होती ना?”

मी आयुष्यात पुष्कळ वाईट रिपोर्ट लिहिले. एकही कुणाच्या तोंडावर सांगावा लागला नव्हता. म्हटलं, “हो. हेच.”

“मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो. विचारलं होतंत.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खूप सभ्य गृहस्थ आहेत. “ठीक है, दीदी,” म्हणाले, भाषांतराबद्दल आभार मानले, लग्नाला नक्की या म्हणाले. फोन ठेवण्याआधी, मला सांगावं म्हणून नव्हे, स्वतःशीच मोजल्यासारखं बोलले.

“उसके बाद भी बीजी तीन महीने थी. मैं रोज़ शाम उसके पास बैठता था.”